झाडांवर जांभळा लाईट कशासाठी लावतात? आणि रंग बदलला की पाणी कसं बदलतं?

'बंद खोलीत केशर', 'मातीशिवाय भाजी' असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. रॅकवर रॅक आणि सगळीकडे जांभळा-गुलाबी उजेड. ते बघून अनेकांनी जांभळा 'ग्रो लाईट' मागवून हॉलमधल्या मनी प्लांटवर लावलाही. पण झाडाला हा रंग खरंच लागतो का?

जांभळा म्हणजे लाल अधिक निळा. 1882 च्या सुमारास एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेवाळाच्या एका तंतूवर प्रिझममधून फुटलेला उजेड पाडला आणि ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. ते गोळा झाले ते लाल आणि निळ्या पट्ट्यात. म्हणजे ऑक्सिजन तिथे जास्त बनत होता. पानातलं हरितद्रव्य हेच दोन रंग सगळ्यात जास्त शोषतं. लाल एलईडी जुना, पण प्रखर निळा एलईडी आला 1990 च्या दशकात. त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. मग हिशेब सोपा झाला: लाल-निळा द्या, बाकी रंगांवर वीज घालवू नका.

फक्त हा हिशेब अर्धाच आहे. हिरवा उजेड फुकट जातो असं आपण शाळेत शिकलो, पण पान त्यातलाही बराचसा भाग शोषतं, आणि लाल-निळा वरच्या थरात अडकतो तेव्हा हिरवा खालच्या थरांपर्यंत पोचतो. अंतराळ स्थानकावर 2014 मध्ये नासाने 'व्हेजी' नावाचा वाफा बसवला. त्यात लाल-निळ्यासोबत हिरवे एलईडीही होते, कारण नुसत्या जांभळ्या उजेडात लेट्यूस खाण्यासारखं दिसतच नाही!

आणि फक्त लाल दिला तर? काकडीवरच्या 2010 च्या एका प्रयोगात निव्वळ लाल उजेडातल्या पानांचं प्रकाशसंश्लेषण बिघडलं. त्यात 7 टक्के निळा मिसळल्यावर पानांची क्षमता दुप्पट झाली. म्हणजे निळा रंग झाडाला अन्नासोबत निरोपही देतो.

तो निरोप पाण्याचा आहे. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यातून कार्बन डायऑक्साईड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेलं बहुतेक पाणी असंच उडून जातं. छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींना निळा प्रकाश ओळखता येतो. तो पडला की त्या पोटॅशियम आत ओढतात, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात आणि दार उघडतं. थोडासा निळाही पुरतो. लाल उजेडातही दार उघडतं, पण निळ्याइतक्या तत्परतेने नाही.

मग निळा वाढवला की पाणी जास्त लागणार? पानाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे बहुतेकदा हो. पण निळ्यात बहुतेक झाडं बुटकी राहतात, पानं लहान आणि जाड होतात. त्यामुळे अख्ख्या झाडाचं पाणी कधी वाढतं, कधी कमीही होतं. शिवाय उष्णता वेगळीच. जुन्या सोडियम दिव्यांनी पान तापायचं आणि तापलेलं पान पाणी जास्त उडवतं. एलईडीखाली ते तुलनेने गार राहतं.

(केशराचं जाता जाता: कंद फुलतो तो स्वतःत साठवलेल्या अन्नावर. तेव्हा माती किंवा पाणी लागत नाही, थंडावा आणि दमटपणा लागतो. लाईट कामाला येतो नंतर, पानं कंद पोसू लागतात तेव्हा.)

तुमच्या मनी प्लांटला जांभळा लाईट घ्यायची गरज नाही. साधा पांढरा एलईडी मुळात निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन बनतो, त्यात निळा असतोच. 'कूल डेलाईट'मध्ये जास्त, 'वॉर्म व्हाईट'मध्ये कमी. रंगापेक्षा उजेड किती आणि किती जवळून पडतो हे पाहा. भर उन्हात लाखभर लक्स असतात, दिवाणखान्यात जेमतेम काहीशे. छताचा बल्ब त्यामुळे फारसा उपयोगी पडत नाही.

नवा लाईट लावल्यावर पहिले दोन आठवडे पाण्याचं जुनं वेळापत्रक सोडा. रोज बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या.