जैवपटल आणि रुग्णालयीन जंतूंची औषधसहिष्णुता

रुग्णालयातील एका अनुभवाने जंतुशास्त्रज्ञांना दीर्घ काळ कोड्यात टाकले होते. रोग्याच्या शरीरात मूत्रमार्गातील नळी, शिरेतील नळी अथवा कृत्रिम सांधा बसविलेला असतो. त्यास ताप येतो, रक्ताची परीक्षा होते आणि सापडलेला जंतू अमुक प्रतिजैविकाने मरतो, असा निर्वाळा प्रयोगशाळा देते. औषध सुरू होताच ताप उतरतो. परंतु औषध थांबविल्यावर काही दिवसांतच तो परत येतो. दुसऱ्या खेपेस सापडलेला जंतूही त्याच औषधाने मरणारा निघतो. जंतू बदललेला नाही, औषधही निकामी झालेले नाही. तरी रोग हटत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर जंतूंच्या राहणीत आहे. प्रयोगशाळेतील नेहमीच्या परीक्षेत जंतू पोषक माध्यमात जोमाने वाढत असतात. शरीरातील परक्या वस्तूवर मात्र ते चिकटून, समूहाने वसती करतात आणि बहुशर्करा, प्रथिने व डीएनए यांनी बनलेल्या चिकट द्रव्यात स्वतःस वेढून घेतात. या थरास जैवपटल असे म्हणतात. पाण्याच्या रांजणाच्या आतून हात फिरविला असता लागणारा बुळबुळीत थर आणि दातांवर साचणारे कीट ही त्याची नित्य परिचयाची रूपे होत. सतराव्या शतकात डच संशोधक लेवेनहूक याने दातांवरील कीट सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हाच त्याच्या ध्यानात आले होते की, व्हिनेगरने चूळ भरली असता कीटाच्या बाहेरील जीव तेवढे मरतात, आतील जिवंत राहतात.

या निरीक्षणाचे वैद्यकीय महत्त्व पटण्यास मात्र विसावे शतक बरेचसे सरावे लागले. १९८२ साली मॅरी, कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याच्या पेसमेकरची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. प्रतिजैविके देऊनही या रोग्याच्या रक्तातील संसर्ग उलटला होता. तारेवर स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूंचा दाट थर त्यांच्या स्रावात रुतलेला आढळला. रक्तात सुटे आलेले जंतू औषधाने मरत होते. तारेवरील मूळ वसाहत तशीच राहत होती.

औषध थराच्या आत पोचत नसावे, असा तर्क प्रथम मनात येतो. काही औषधांच्या बाबतीत तो अंशतः खरा आहे. परंतु तो पुरेसा नाही. क्लेबसिएला न्युमोनिई या जंतूवरील एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन जैवपटलातून सहज आरपार गेले. ॲम्पिसिलिन मात्र गेले नाही, कारण जंतूंचे विकर वाटेतच त्याचे विघटन करीत होते. पुढे हे विकर नसलेल्या वाणाचे जैवपटल घेतले असता ॲम्पिसिलिनही आरपार गेले. तथापि औषध आत पोचूनही पटलातील जंतू मोठ्या प्रमाणावर जिवंतच राहिले.

यावरून दुसऱ्या कारणाकडे वळणे प्राप्त होते. पटलाच्या आतील थरांत प्राणवायू व अन्न यांची टंचाई असते. त्यामुळे तेथील जंतूंची वाढ मंदावते. पेनिसिलिनवर्गीय औषधे पेशीभित्ती बांधण्याच्या क्रियेवर आघात करतात. जेथे बांधकामच थंडावले आहे, तेथे हा आघात निष्फळ ठरतो. शिवाय काही थोडे जंतू जवळजवळ सुप्तावस्थेत असतात. डब्लिन येथील जोसेफ बिगर याने १९४४ सालीच दाखविले होते की, पेनिसिलिनच्या माऱ्यातून काही स्टॅफिलोकॉकस जंतू तगून राहतात. परंतु त्यांची संतती पूर्वीइतकीच पेनिसिलिनने मरणारी असते.

आरंभीच्या कोड्याची उकल येथे होते. जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होऊन पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी शक्ती म्हणजे प्रतिकार. विशिष्ट परिस्थितीत औषध सोसून राहण्याची अवस्था म्हणजे सहिष्णुता. जैवपटलातून सुटलेला जंतू पुन्हा वाढू लागताच ही सहिष्णुता गमावतो; म्हणून प्रयोगशाळेचा निर्वाळा खरा असूनही रोग्याच्या उपयोगी पडत नाही.

ही दोन्ही रूपे भिन्न असली तरी परस्परांपासून अलिप्त नाहीत. सहिष्णुतेमुळे जंतू औषधाच्या सान्निध्यात दीर्घ काळ टिकतात आणि तेवढ्या काळात खऱ्या प्रतिकारास कारण होणारे बदल घडण्यास अवसर मिळतो. शिवाय पटलात जंतू एकमेकांस खेटून असल्याने प्रतिकाराची जनुके वाहणारी प्लाझ्मिडे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. अर्थात एका रोग्याच्या नळीवरील थर हा पुढे साऱ्या कक्षाचा प्रश्न होऊ शकतो.

यास्तव अशा संसर्गात केवळ औषधाची मात्रा वाढवून भागत नाही. शक्य असेल तेथे दूषित नळी अथवा उपकरण काढून टाकणे, हाच बहुधा उपचाराचा मुख्य भाग ठरतो. कृत्रिम सांधा वा हृदयाची झडप यांच्या बाबतीत याचा अर्थ नवी शस्त्रक्रिया असा होतो, आणि दुर्बल रोग्यास ती झेपेलच असे नसते. म्हणूनच पटल बनू न देणे हे ते मोडण्यापेक्षा सुकर आहे. हात स्वच्छ धुऊन, निर्जंतुक रीतीने नळी बसविणे, तिची गरज रोज तपासणे आणि गरज संपताच ती काढणे, हे उपाय साधे दिसतात. परंतु जंतूस चिकटण्यास पृष्ठभागच मिळू न देण्याचे कार्य तेच करतात.