बाटलीतला २११ नंबर

बालमित्रांनो, टोमॅटो सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत? त्यात पुष्कळदा २११ हा आकडा सापडतो. हा २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट. दिसायला साधी पांढरी पूड.

तिचं मूळ बेन्झोइक आम्लात आहे. दर्ग्यात जळणारा ऊद माहीत आहे ना? त्याच डिंकातून हे आम्ल पूर्वी काढत. नावही तिथूनच आलं. हे आम्ल बुरशीला रोखतं, पण पाण्यात विरघळायचं म्हटलं की भारी नखरे! १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. त्याला सोडियमची जोड दिली, की तेवढ्याच पाण्यात ६० ग्रॅमच्या वर विरघळतं. म्हणून कारखान्यात सोडियम बेन्झोएट वापरतात.

आता खरी गंमत ऐका. बुरशीला रोखतं ते मुख्यतः आम्लच! बेन्झोएटच्या कणावर विद्युतभार असतो, त्यामुळे तो बुरशीच्या पेशीत सहज शिरत नाही. आम्लाच्या रेणूवर भार नसतो, तो शिरतो. मग बाटलीत आम्ल येतं कुठून? आंबट रसातून. लिंबाच्या सरबतात बेन्झोएटचं पुन्हा आम्ल होतं. सामू ३ असेल तर १०० पैकी सुमारे ९४ कण आम्लरूपात असतात. दुधाचा सामू साडेसहाच्या पुढे; तिथे शंभरात एकसुद्धा नाही. दुधासाठी ही पूड कुचकामीच, बरं का.

घरी सरबत करताना काही जण ही पूड थेट रसात टाकतात. आंबट रसात तिच्यावर न विरघळणाऱ्या आम्लाचा थर धरतो आणि गुठळ्या राहतात. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून मग ढवळत ओतायची. आणि अंदाजाने चमचाभर तर मुळीच नको! स्क्वॅशच्या एका किलोला ६०० मिलिग्रॅम बेन्झोइक आम्ल ही मर्यादा, म्हणजे पूड सुमारे पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी. चमच्यात चार-पाच ग्रॅम सहज मावते. तेव्हा मोठ्यांना काट्यावर तोलूनच घ्यायला सांगा.

आपल्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर, कारंजाकडे संत्री होतात. संत्र्याच्या स्क्वॅशला मात्र बहुधा दुसरी पूड घालतात, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ती जांभळाच्या रसात टाकली, तर त्याचा सुंदर जांभळा रंगच उडतो. म्हणून जांभळाच्या सरबताला आपला २११ नंबरच बरा.