रिव्हॉल्व्हरची लाकडी मूठ

संग्रहातील नक्षीदार रिव्हॉल्व्हरसाठी कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतलेली मूठ. हा व्यवसाय प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढला. रचनेच्या दृष्टीने मुठीचे दोन प्रकार आहेत. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ ह्या नमुन्याची मूळ अक्रोडी मूठ एकसंध असे व मागील धातुपट्टी सोडविल्याखेरीज ती निघत नसे. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरना सामान्यतः दोन फाकींची मूठ असते. एका आडव्या स्क्रूने त्या सांगाड्यावर आवळल्या जातात.

श्रीमंती मूठ म्हणजे हस्तिदंताची किंवा शिंपल्याची, हा समज सर्वस्वी खरा नाही. सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) ह्याच्या कारखान्यासाठी काम करणारा जर्मन वंशाचा कोरक्या गुस्टाव्ह यंग (१८२७–९५) ह्याच्या शैलीतील, सोन्याचे जडावकाम केलेले सु. १८५३ चे एक ड्रॅगून रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे; त्याची मूठ साध्या अक्रोडाचीच आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आली व २०१६ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत नियमही कडक केले. त्यामुळे हस्तिदंती मूठ नव्याने करवून घेणे दुर्घट झाले.

अक्रोडाचे लाकूड चिवट, कोरण्यास सुलभ व हवामानानुसार फारसे न बदलणारे असल्याने आजही ते प्रथम पसंतीचे ठरते. मध्य अमेरिकेतील कोकोबोलो घन, तेलकट व चकचकीत असते. पण त्याच्या भुशाने अनेक कारागिरांच्या अंगावर पुरळ उठते. सह्याद्रीतील शिसव ज्या डाल्बर्जिया प्रजातीत येते तिच्यातच कोकोबोलोचाही समावेश होतो आणि ह्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नियंत्रण आहे. ओक मात्र वर्ज्य समजावे, कारण त्यातील आम्लांनी पोलाद गंजते. गर्द नक्षीच्या शेजारी भडक रेषांचे लाकूड शोभत नाही. नजर दोहोंमध्ये विभागली जाऊन कोरीवकामाचेच नुकसान होते.

लाकूड तंतूंना आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून तंतू मुठीच्या लांबीला समांतर ठेवतात. खरी कसोटी जुळणीची असते. जुन्या सांगाड्यांच्या कडा हाताने घासलेल्या असल्याने एकाच नमुन्याची दोन रिव्हॉल्व्हरेही तंतोतंत सारखी नसतात, आणि कोरण्यापूर्वीच्या झिलईने हा फरक वाढतो. तयार मूठ त्यावर क्वचितच नेमकी बसते. साध्या शस्त्रावर लाकूड बसवून दोन्ही एकदम घासता येतात. कोरीव सांगाड्यावर तसे केल्यास कडेची नक्षी पुसट होते व ती पुन्हा पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे सांगाड्याला काजळी लावून लाकडावर उमटलेले उंचवटे थोडे थोडे खरवडावे लागतात आणि अखेरचे घासकाम मूठ काढूनच करावे लागते. पुढे जवसाच्या तेलाचे पातळ थर देतात. मुठीची आतली बाजू व स्क्रूचे छिद्रही तेलाने बंद करणे आवश्यक असते. तेथून शिरलेला ओलावा लाकूड वाकवितो. स्क्रू जोराने आवळल्यास फाक तडकते.

अशा जुळणीसाठी शस्त्रच कारागिराकडे जावे लागते आणि तेथे कायद्याचा संबंध येतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत निर्मिलेली शस्त्रे १९६८ च्या संघीय कायद्यानुसार पुरातन मानली जातात. त्यानंतरच्या शस्त्राचा नुसता सांगाडाही शस्त्रच ठरतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार रिव्हॉल्व्हर बाळगण्यास परवाना लागतो.

काढलेली मूळ मूठ टाकून देणे किंवा तिलाच कोरून नवे रूप देणे ही संग्राहकाची सर्वांत महाग चूक होय. कोल्टच्या एकसंध मुठींच्या खाचेत शस्त्राचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला सापडतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो उजव्या फाकीच्या आतील बाजूस असतो. शस्त्र कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडले त्याचा हा क्रमांक पुरावा असल्याने मूळ मूठ पुसण्याचे द्रव न लावता, कोरड्या जागी, त्या शस्त्राच्या कागदपत्रांबरोबर ठेवतात.