डावा हात, उजवा पाय

विनू मांकड उजव्या हाताने फलंदाजी करत आणि डाव्या हाताने गोलंदाजी. क्रिकेट पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही, असे खेळाडू बरेच असतात. पण थोडे थांबून त्यांच्या शरीराकडे पाहा. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज उभा राहतो तेव्हा त्याचा डावा खांदा गोलंदाजाकडे असतो, बॅटच्या दांड्यावर डावा हात वर असतो, आणि बॅटची दिशा ठरवतो तो हाच वरचा हात. पुढे येऊन ड्राइव्ह मारताना सगळे वजन डाव्या पायावर येते. डावखुरा गोलंदाज मात्र चेंडू सोडताना उजव्या पायावर उतरतो आणि त्याच पायावर गिरकी घेतो. म्हणजे दोन कामांत पाय अदलाबदल करतात, डाव्या हाताला मात्र दोन्हीकडे राबावे लागते. जी बोटे दुपारभर चेंडूला पीळ देतात, तीच संध्याकाळी बॅट धरून वेगवान मारा थोपवतात.

आपण अशा खेळाडूला ‘अष्टपैलू’ म्हणतो. हिऱ्याचे पैलू एकाच वेळी सगळीकडून चमकतात. अष्टपैलू खेळाडूचे तसे नसते. त्याचा एक पैलू दमला, की लगेच दुसरा पुढे करावा लागतो आणि शरीर तर एकच असते.

मांकड १९१७ साली जामनगरला जन्मले, रणजितसिंहांच्या नवानगर संस्थानात. तिथे त्यांना ससेक्सचे बर्ट वेन्स्ली शिकवायला मिळाले आणि रणजितसिंहांचे पुतणे दुलीपसिंह यांची नजर लाभली. मध्यमगती गोलंदाजी सोडून संथ डावखुरी फिरकी धरावी, हा सल्ला वेन्स्लींचा. १९३७-३८ साली इंग्लंडहून लॉर्ड टेनिसन यांचा संघ आला, तेव्हा विशीतल्या या मुलाने अनधिकृत कसोटींत फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्हींच्या सरासरीत भारतीयांत पहिला क्रमांक मिळवला. मग महायुद्ध आले. खेळाडूची सर्वांत ताजी वर्षे त्यात गेली आणि पहिली अधिकृत कसोटी खेळायला १९४६ साल उजाडले. मांकड तेव्हा २९ वर्षांचे होते. त्या एकाच इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. भारतीय संघाच्या दौऱ्यावर हजार धावा आणि शंभर बळी ही दुहेरी मजल दुसऱ्या कोणालाही गाठता आलेली नाही.

ते व्यावसायिक होते, हेही समजून घ्यायला हवे. कसोटी खेळून घर चालावे, असे त्या काळी भारतात नव्हते. मँचेस्टरच्या उत्तरेला गिरण्यांच्या गावांत लँकेशायर लीग चाले. शनिवारी दुपारी गावाचा संघ उतरे. खेळाडू गावचेच, कोणी कामगार, कोणी दुकानदार. पगार मिळे तो एकाच माणसाला. त्याला नुसते ‘प्रो’ म्हणत. अर्धशतक झाले किंवा पाच बळी पडले, की प्रेक्षकांत डबा फिरे आणि नाणी गोळा होत. आता एकालाच पैसे द्यायचे, तर गाव कोणाला निवडेल? नुसत्या फलंदाजाला नाही, नुसत्या गोलंदाजालाही नाही. नेल्सन गावाने लिअरी कॉन्स्टंटाइनना नेले, हॅसलिंग्डनने मांकडना. ‘प्रो’ने बॅटही चालवायची आणि चेंडूही टाकायचा. अष्टपैलूपणाला तिथे बाजारभाव होता, आणि मला वाटते, मांकडच्या अंगातला न थकण्याचा गुण अशा शनिवारांनी आणखी घट्ट केला.

१९५२ च्या भारताच्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी मांकड हॅसलिंग्डनच्या कराराने बांधलेले होते. दौऱ्यात निवड नक्की आहे का, असे त्यांनी आधी विचारले होते. तसे आश्वासन मिळाले नाही, तेव्हा त्यांनी क्लबला दिलेला शब्द पाळला. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली आणि मग धावपळ सुरू झाली. हॅसलिंग्डनने मांकडना कसोटींसाठी मोकळे केले. ते आले ते थेट लॉर्ड्सवर, दुसऱ्या कसोटीला.

सांगलीचे विजय हजारे कर्णधार होते. मांकड पंकज रॉयबरोबर सलामीला गेले, पहिल्या जोडीने १०६ धावा केल्या, त्यात मांकडच्या ७२. पण सगळा डाव २३५ वर आटोपला. मग इंग्लंडने ५३७ धावा केल्या आणि मांकडनी ७३ षटके टाकली. ४३८ चेंडू! प्रत्येक चेंडूला तर्जनीने शिवणीवर पीळ द्यायचा, उजव्या पायावर उतरायचे, गिरकी घ्यायची आणि पुन्हा मागे चालत जायचे. पाच बळी मिळाले, १९६ धावा गेल्या. डाव संपला. दोन डावांमध्ये नियमाने दहा मिनिटे असतात. त्या दहा मिनिटांत पॅड बांधून ते पुन्हा सलामीला आले, आणि या वेळी १८४ धावा केल्या. हजाऱ्यांबरोबर २११ ची भागी झाली. शेवटच्या डावात आणखी २४ षटके, त्यातली १२ निर्धाव. एका सामन्यात २५६ धावा आणि ९७ षटके. भारताच्या ६१३ धावांपैकी पाच हिश्श्यांतले दोन हिस्से एकट्याचे. इंग्लंडने सामना आठ गडी राखून जिंकला, तरी लोक त्याला मांकडची कसोटी म्हणतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला होता, तोही मांकडच्या १२ बळींवर. पहिल्या डावात आठ, त्यांतले चार यष्टिचीत, यष्टीमागे खोकन सेन. यष्टिचीत म्हणजे फिरकी गोलंदाजाने फलंदाजाच्या डोळ्यांना दिलेला चकवा. वरच्या अंगाने पीळ दिलेला चेंडू हवेत अपेक्षेपेक्षा लवकर खाली उतरतो. फलंदाज पुढे सरसावतो, त्याच्या अंदाजाने चेंडू बॅटखाली असायला हवा, पण तो हातभर आधीच टप्पा घेऊन बाहेर वळलेला असतो. क्रीझ मागे राहिलेली असते.

आकड्यांच्या तराजूत मात्र मांकड साधेच दिसतात. अष्टपैलू खेळाडूची फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीहून जास्त हवी, असा एक रूढ निकष आहे. ४४ कसोटींत त्यांची फलंदाजीची सरासरी ३१.४७ आणि गोलंदाजीची ३२.३२. निकषावर ते थोडक्यात नापास! मला हा निकषच अपुरा वाटतो. सरासरी काढताना भागाकारात थकवा निघून जातो. ७३ षटकांनंतरच्या १८४ धावा आणि झोपून ताजेतवाने होऊन आल्यावरच्या १८४ धावा तिथे सारख्याच मोजल्या जातात. दुसरा एक आकडा मला खरा वाटतो: कसोटीतल्या हजार धावा आणि शंभर बळी मांकडनी २३ सामन्यांत पुरे केले. सर्वांत कमी सामन्यांचा हा विक्रम मोडला गेला तो १९७९ मध्ये, इयन बोथमकडून. ते पहिल्यापासून अकराव्या क्रमांकापर्यंत सगळीकडे खेळले, आणि १९५६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, मद्रासला २३१ धावा करताना रॉयबरोबर ४१३ ची सलामी दिली. पहिल्या जोडीचा तो विक्रम ५२ वर्षे टिकला.

एवढ्या माणसाचे नाव जगाने लक्षात ठेवले ते १९४७ च्या सिडनीसाठी. ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राउन गोलंदाजाच्या टोकाला उभे असताना चेंडू सुटण्याआधीच क्रीझ सोडत होते. दौऱ्यातल्या एका सामन्यात मांकडनी आधी ताकीद दिली, मग धावचीत केले, आणि पुढे कसोटीतही त्यांना तसेच धावचीत केले. डॉन ब्रॅडमन यांनी आपल्या पुस्तकात मांकडचीच बाजू घेतली. तरीही त्या कृतीला ‘मांकडिंग’ हे नाव चिकटले, जणू काही ती लबाडी होती. सुनील गावसकर हे नाव वापरू नका म्हणून वारंवार सांगत आले आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे. २०२२ पासून नियमांतही ही कृती साध्या धावचीतच्या कलमातच मोडते.

लॉर्ड्सच्या पाहुण्या संघाच्या खोलीत मानाचे फलक आहेत, त्यांत एक शतकांचा आणि एक पाच बळींचा. १९५२ सालासमोर या दोन्ही फलकांवर मांकड हे नाव आहे.