आधी माप, मग सुखतळा!

सायकलिंगचे शूज एकदम सही, सायकलही टकाटक, तरी तिसऱ्या तासाला पायाची बोटं बधिर होतात? मग गडबड कदाचित शूजच्या आत आहे. पुणे ते हिवरे बाजार या एका वीकेंड राइडनं मला शिकवलेला हा धडा...

शिरूरपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. पहाटे साडेचारला पुणं सोडलेलं, रांजणगावच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून चहा मारलेला, ट्रॅफिकही फारसा नाही. घोड नदीचा पूल ओलांडून नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात शिरले आणि उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. थोड्या वेळात चवड्याखाली कुणीतरी तापलेला तवा ठेवल्यासारखी आग आग! सुपं येईपर्यंत तर शेवटची दोन बोटं माझीच आहेत का, हेही कळेना.

रस्त्याकडेला शूज काढून बसले. सोबतचा इंजिनीअर मित्र म्हणाला, ‘‘अगं, परवाच नवीन जेल इनसोल घेतलेस ना? मग प्रॉब्लेम काय?’’

तोच तर प्रॉब्लेम होता, बॉस! मागच्या राइडनंतर बोटांचा बधिरपणा दोन दिवस गेला नव्हता. म्हणून तर खिशाला न परवडणारे अठराशे रुपये मोजून इनसोल आणले होते. आणि आज दुखणं आधीपेक्षा लवकर सुरू झालेलं. सायकल विकायची जाहिरात मी तिथेच मनातल्या मनात लिहून काढली.

मऊ म्हणजे चांगलं?

इनसोलला आपल्याकडे छान शब्द आहे, सुखतळा. नावातच सुख असल्यामुळे की काय, आपण तो गादी घेतल्यासारखा निवडतो. मीही तेच केलं. एका स्पोर्ट्स शॉपमध्ये सेल्समननं जेलवर अंगठा दाबून दाखवला, तो मस्त आत गेला आणि मी कार्ड स्वाइप केलं. माझा पाय त्यानं बघितला नाही आणि मीही दाखवला नाही.

चालताना किंवा पळताना टाच जमिनीवर आपटते, तो धक्का शोषायला टाचेखाली मऊपणा लागतो. सायकलवर टाच कशावरच आपटत नाही. सगळा जोर चवड्यातून पेडलवर जातो. मिनिटाला ८० वेळा पेडल फिरवलं तर तासाला ४,८०० वेळा, आणि तेही जवळपास त्याच जागी. त्यातून सायकलिंग शूजचा तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा, न वाकणारा. पायाच्या कमानीला खालून आधार नसेल, तर भार चवड्याच्या मोजक्या हाडांवर पडतो. त्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. मग मुंग्या, मग आग, मग बधिरपणा.

यात जाड जेल टाकलं की आणखी एक घोळ होतो. शूजमधली जागा कमी होते. उन्हात आणि लांबच्या राइडमध्ये पाय सुजतो, वरून स्ट्रॅप आवळलेले, म्हणजे चवडा दोन्हीकडून चेपला जातो. थोडक्यात, सायकलसाठी सुखतळा हवा पातळ, बऱ्यापैकी कडक आणि कमानीला भिडणारा. अंगठा आत जाणारा नव्हे!

तांब्याभर पाणी

हे सगळं ज्ञान तेव्हा नव्हतं. सुप्याच्या पुढे हायवे सोडून आत वळलो आणि दुपारी कसेबसे हिवरे बाजारला पोचलो. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ मध्ये इथले सरपंच झाले, तेव्हा हे गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांत अडकलेलं होतं. मग श्रमदानातून डोंगरउतारावर चर खणले गेले, बंधारे झाले, झाडं लागली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला गावानं बंदी घातली. पवारांना २०२० चा पद्मश्री मिळाला. शाळेत हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मला तिथली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाणी किती आहे त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. ऊस-केळीसारख्या पाणीखाऊ पिकांना इथे नकार आहे.

एका घराच्या ओट्यावर टेकले. तिथल्या आजोबांनी विचारलं, ‘‘काय ताई, बूट चावला का?’’ तांब्याभर पाणी दिलं. पाय धुतले आणि फरशीवर चार पावलं टाकली. ओले ठसे उमटले. टाच, चवडा आणि मध्ये जेमतेम एक बारीक रेघ.

‘‘तुमच्या पायात तर मधी पार पोकळीच हाय की!’’ आजोबा म्हणाले. मी अठराशेच्या इनसोलची कहाणी सांगितली. ते हसले. ‘‘आमच्याकडं आधी पाऊस मोजत्यात, मग पेरणी ठरवत्यात. तुम्ही न मोजताच पेरलं!’’

काय बोलणार? बरोबरच होतं.

कमान ओळखा

तो ओला ठसा ही घरच्या घरी करता येणारी पहिली टेस्ट. मध्ये बारीक रेघ किंवा काहीच नाही, तर कमान उंच. अर्धा भाग उमटला, तर मध्यम. पूर्ण तळवा छापला गेला, तर कमान कमी, म्हणजे सपाट पाय. पण हा फक्त अंदाज असतो. आधी बसून आणि मग उभं राहून असे दोन्ही ठसे बघा. उभं राहिल्यावर कमान बरीच बसत असेल तर तेही दुकानात सांगा.

सायकलिंगचे इनसोल याच हिशेबानं बनतात. उदाहरणार्थ, स्पेशलाइज्डचे इनसोल कमानीप्रमाणे तीन रंगांत येतात. लाल कमी आधाराचा, निळा मध्यम, हिरवा जास्त. चवड्यामागे एक छोटा उंचवटाही असतो, तो बोटांकडची हाडं थोडी फाकवून नसांना जागा देतो. जिरोच्या काही शूजबरोबर कमानीखालचे बदलता येणारे तुकडे मिळतात.

मात्र ‘आमचा इनसोल घाला, स्पीड वाढेल’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ‘जर्नल ऑफ फूट अँड अँकल रिसर्च’मध्ये २०१४ मध्ये सायकलिंगच्या इनसोलवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. कमानीला भिडणाऱ्या इनसोलमुळे पायाच्या मधल्या भागाचा टेका वाढतो आणि आधार चांगला वाटतो. पण पेडलवरची ताकद वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. आपल्याला मेडल नकोच आहे, आपल्याला सोमवारी ऑफिसला नीट चालत जायचंय!

सगळं खापर इनसोलवर नको

शूजच अरुंद असेल तर जगातला कुठलाही सुखतळा सुख देणार नाही. इनसोल बाहेर काढा, त्यावर उभे राहा. पाय दोन्ही कडांवरून बाहेर सांडतोय? मग आधी शूज बदला. क्लीट फार पुढे बसवली असेल तरी चवड्यावर ताण येतो, ती थोडी मागे घेऊन बघा. नुसत्या स्नीकर्सवर चालवत असाल, तर मऊ तळ पेडलवर वाकतो. तिथे इनसोलपेक्षा कडक तळाचा शूज जास्त उपयोगी.

मी काय केलं? जेल हाकललं. उंच कमानीचा, पातळ इनसोल घेतला, क्लीट मागे सरकवली आणि पुढचा स्ट्रॅप सैल केला. पहिल्या दोन राइड्स कमानीखाली गोटी ठेवल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. गेल्या महिन्यात पुन्हा हिवरे बाजार केलं. सुप्यात चहाला थांबलो तेव्हा पायाची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. ती जाहिरात अजून मनातच आहे.

पायांची पंचसूत्री

१. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. राइडचेच मोजे घाला.

२. जुना इनसोल काढूनच नवा घाला. एकावर एक नको.

३. कापताना जुन्याचा आकार गिरवा आणि पुढून थोडं थोडंच कापा.

४. पहिल्यांदा २०-३० किलोमीटरच चालवा. शंभरीची घाई नको.

५. राइड संपल्यावरही बधिरपणा जात नसेल, किंवा डायबेटिस असेल, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.