रिव्हॉल्व्हरची लांकडी मूठ

रिव्हॉल्व्हर पारखणारा मनुष्य बहुधा आधीं नळीची लांबी पाहतो, मग पोलादाची झिलई पाहतो आणि शेवटीं किंमत विचारतो. मुठीकडे त्याचें लक्ष जातें तें ती डोळ्यांत भरली तरच. वस्तुतः सबंध शस्त्रापैकीं हाताशीं खरा संबंध काय तो मुठीचा. नळी कितीहि बिनचूक असो, ती जिकडे वळेल तिकडेच गोळी जाणार, आणि तिला वळविणारा हात मुठीवर असतो. अमेरिकेंत रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक पुष्कळ. तेथें कारखान्याची मूठ उतरवून तिच्या जागीं दुसरी बसवून देण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे.

ही उठाठेव कशासाठीं, तें स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कारखान्याच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. त्याच्या रिव्हॉल्व्हरची मूठ म्हणजे पोलादी सांगाड्याचाच खालीं वळलेला चपटा भाग. त्याच्या दोन्ही अंगांस दोन लांकडी फळ्या लावावयाच्या आणि आरपार एक स्क्रू पिळावयाचा, एवढीच रचना. १८९९ सालीं निघालेल्या ‘मिलिटरी अँड पोलीस’ या नमुन्याच्या फळ्या सांगाड्याच्या कडेपाशींच संपत. त्यामुळें चापाभोंवतालच्या कड्यामागें एक पोकळी राही. मधलें बोट तींत शिरून वर सरके, आणि बार उडतांच कड्याचें पोलाद नेमकें बोटाच्या पेरावर आदळे. १९३५ मध्यें ‘.३५७ मॅग्नम’ हें जबर काडतूस आलें. त्याच सुमारास ‘मॅग्ना’ नांवाच्या, वरच्या बाजूस अधिक उंच चढविलेल्या फळ्या निघाल्या; त्यांच्या रुंद खांद्यामुळें धक्का अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यांत पसरून बसूं लागला. पोकळी मात्र तशीच राहिली. कोणी ती भरण्यास धातूचा वा रबराचा तुकडा बसवी; वॉल्टर रोपर या नेमबाजासारखे जाणते लोक हाताच्या मापानें सबंध मूठच नवी घडवावी असें म्हणत. कारखान्याला हजारोंसाठीं एक माप काढावें लागतें आणि हात तर जितकीं माणसें तितक्या तऱ्हेचे, हें भांडण तेव्हांपासूनचें आहे. पुढें १९९० नंतर कारखान्यानें लांकूड बव्हंशीं सोडून रबरी मुठी देण्यास आरंभ केला. रबर धक्का सोसतें खरें, पण कोटाच्या अस्तराला चिकटतें आणि दिसावयास तर अगदींच केविलवाणें. लांकडाचे चाहते त्यामुळें कमी न होतां वाढलेच.

मूठ निवडतांना प्रथम पाहावयाचें तें अंतर: मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचें. घोडा आधीं हातानें मागें ओढून ठेविला तर चाप तीन-चार पौंडांच्या जोरानें सुटतो. परंतु नुसता चाप ओढून बार काढावयाचा तर दहा-बारा पौंडांचा जोर लागतो, आणि तोहि लांबवर. एवढें ओझें ओढण्यास बोटाचें निदान पहिलें पेर चापावर नीट पोंचावयास हवें. आंखूड बोटांच्या मनुष्यानें भरदार मूठ घेतली कीं फक्त टोंक पोंचतें, चाप सरळ मागें येण्याऐवजीं नळी बाजूला ढकलली जाते, आणि बिचारा दोष आपल्या डोळ्यांस देतो. तो पहाट-संध्याकाळ सराव वाढवितो, निशाण बदलून पाहतो. पातळ फळ्या लाविल्या असत्या तर पहिल्याच दिवशीं उलगडा झाला असता. उलट, मोठ्या पंजाच्या मनुष्यास बारीक मूठ दिली तर ती हातांत फिरते आणि प्रत्येक बारानंतर पकड नव्यानें शोधावी लागते. दुकानांत ऐटबाज दिसणाऱ्या जाड ‘टार्गेट’ मुठी पुष्कळांनीं याच कारणानें पेटींत टाकून दिल्या आहेत.

आतां चौकडीच्या खोदणीविषयीं. पुष्कळांना ती शोभेची नक्षी वाटते. तिचें मूळ काम घामट, ओल्या किंवा हातमोजा घातलेल्या हातास मुठीवरून घसरूं न देण्याचें. कारागीर आधीं दोन आधाररेषा एकमेकींस छेदतील अशा आंखतो. मग दुहेरी दांत्याच्या हत्यारानें, एक दांता जुन्या खांचेंत ठेवून दुसऱ्यानें नवी खांच पाडीत, समांतर रेषा काढीत जातो. हीच क्रिया दुसऱ्या दिशेनें झाली कीं शंकरपाळ्यासारखे लहान लहान हिरे उठतात. त्यांचे माथे टोंकदार होईपर्यंत खांचा पुनःपुन्हां खोल कराव्या लागतात. एक रेषा तिरकी गेली कीं पुढच्या साऱ्या तिच्यामागें तिरक्या! इंचास सोळा ते वीस रेषा ही कामाची खोदणी. चोवीस वा त्याहून अधिक रेषांची खोदणी डोळ्यांस सुखविते, पण पकड कमी देते आणि लौकर झिजते. यंत्रानें नुसती दाबून उठविलेली चौकडी हातास ताबडतोब कळते: तिच्यावर बोट फिरविलें तर कोठेंच बोंचत नाहीं.

पण बोंचणें सर्वत्र इष्ट नव्हे. १८७३ च्या कोल्टसारख्या रिव्हॉल्व्हरची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते. बार होतांच ती हातांत किंचित् वर फिरावी हाच तिचा गुण. तिच्यावर तीक्ष्ण चौकडी म्हणजे तळहातास कानस. तेथें गुळगुळीत लांकूडच योग्य.

लांकडाची निवड खोदणीवरून ठरते. अमेरिकेंतील काळा अक्रोड जुना आणि विश्वासू, परंतु युरोपांतील अक्रोड अधिक घट्ट धाग्याचा असल्यानें बारीक रेषा धरून ठेवितो. काश्मिरी कारागीर ज्यावर कोरीव काम करितात तो याच जातीचा वृक्ष. ब्राझीलकडील गोन्सालो आल्वेस या पट्टेदार लांकडाच्या मुठी स्मिथ अँड वेसननेंहि दिल्या. ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचा शिसवी पलंग आहे त्यांना सह्याद्रींतल्या शिसवाची महती सांगावयास नको. तें जड, टिकाऊ आणि मुठीस सुरेख. मात्र २०१७ पासून शिसवाच्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत. भोंकाळ्या, सैल धाग्याच्या लांकडावर हिऱ्यांचे माथे उडतात. तें कितीहि रंगीत असलें तरी चौकडीसाठीं घेऊं नये.

मूठ मागवितांना रिव्हॉल्व्हरचें नांव कळविणें पुरेसें नाहीं. स्मिथ अँड वेसनचे सांगाडे जे, के, एल, एन अशा अक्षरांनीं ओळखले जातात. के आणि एल यांची मूठ एक. जे पुष्कळच लहान. जुन्या चौकोनी बुडाच्या एनची निराळी. बूड गोल कीं चौकोनी हेंहि सांगावें लागतें. डावी फळी वरच्या बाजूस थोडी खोलगट तासलेली असावी, कारण सिलिंडर डावीकडे उघडतो आणि रिकामीं काडतुसें उंच फळीवर अडकतात.

बसविण्यापूर्वीं रिव्हॉल्व्हर रिकामें असल्याची खात्री दोनदां करावी. फळी पोलादावर कोठेंहि न डगमगतां टेकली पाहिजे; सांगाड्याच्या बुडाशीं असलेली बारीक खुंटी तिच्या भोंकांत सहज जावी. ती जात नसेल तर भोंक हलक्या हातानें मोठें करावें. स्क्रू आवळून फळी बसवूं पाहणारा ती चिरून घेतो. साफसफाईचें तेल वरच्या सांध्यांतून झिरपून लांकूड काळें व मऊ करतें, म्हणून त्या वेळीं फळ्या उतरवून ठेवाव्या. पहिल्या पन्नासएक गोळ्यांनंतर स्क्रू एकदां पाहावा. नवें लांकूड दबल्यानें तो पुष्कळदां सैल झालेला आढळतो.