बिटकॉइनचे कार्ड आणि उसाचे बिल



गळीत हंगाम संपला, की आपल्या गट ऑफिसात दोनच विषय असतात. एक पाऊस आणि दुसरा बिलाचा हप्ता. या खेपेस मात्र एका सभासदाने निराळाच प्रश्न टाकला. म्हणाले, "बिल खात्यावर पडलंय. पनवेलला पुतण्या असतो, तो म्हणतो, बँकेत ठेवून काय मिळतंय? त्यातले दोन लाख बिटकॉइनच्या कार्डात टाका. कार्ड घासायचं आणि दुकानात काय पाहिजे ते घ्यायचं. तर टाकू का?"

खरे सांगायचे तर आम्हांसही त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. "जरा थांबा, चौकशी करतो," एवढेच आम्ही म्हणालो. पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या कामानिमित्त पनवेलला जाणे होते. तेव्हा पुतण्याची गाठ घेण्याचे ठरविले. त्या भेटीत जे दिसले व पुढे जे घडले, ते सर्वांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

पनवेलच्या दुकानात

पनवेल हे जुने बाजारपेठेचे गाव. कोकणात उतरणाऱ्या माणसाला वाटेत लागणारच. आता तेथे महानगरपालिका आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानेही उडू लागली आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती पैसा आला, आणि पैसा आला की मागोमाग योजना सांगणारेही येतातच. आपल्याकडे बिलाच्या दिवशी बाजारात कोण कोण भेटते, हे आपण जाणताच.

पुतण्या हुशार मुलगा. मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याने कार्ड दाखविले. बँकेच्या कार्डासारखेच दिसते. कंपनी परदेशातली. मोबाईलमधून बिटकॉइन घ्यायचे, ते कंपनीच्या खात्यात पाठवायचे आणि मग कार्ड चालवायचे. तो आम्हांला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेला. तेल, डाळ, साबण असे ८६० रुपयांचे सामान घेतले, कार्ड यंत्राला लावले, चिठ्ठी निघाली. "बघा काका, झालं की नाही?"

आम्ही दुकानदाराला विचारले, "तुम्हांला बिटकॉइन मिळालं का हो?" तो हसला. म्हणाला, "कसलं बिटकॉइन? माझ्या खात्यात रुपयेच येतात. कार्ड कुणाचं आहे, हे मला कळत पण नाही."

येथेच सगळी मेख आहे. बिटकॉइन दुकानापर्यंत पोहोचलेच नव्हते. पुतण्याने कार्ड लावताच परदेशातल्या कंपनीने त्याच्या नावचे थोडे बिटकॉइन त्या क्षणीच्या भावाने विकले, त्याचे परकीय चलन केले, कार्डाच्या जाळ्यातून त्याचे रुपये झाले आणि ते दुकानदाराला मिळाले. वाटेत प्रत्येकाने आपली दलाली कापली. मोबाईलवर हिशेब पाहिला तर ८६० च्या सामानापोटी ८९४ रुपयांचे बिटकॉइन गेले होते. थोडक्यात, हा खर्च नव्हे, आधी विक्री आणि मग खर्च.

प्रीपेड म्हणजे उचल

प्रीपेड कार्ड ही काही नवी गोष्ट नाही. टोलनाक्यावरचा फास्टॅग त्याच जातीचा. पैसे आधी भरायचे, खर्च नंतर करायचा. आपल्या भाषेत बोलायचे तर, ही आपण कंपनीला दिलेली उचल होय. तोडणीच्या मुकादमाला उचल देताना आपण काय पाहतो? माणूस कुठला, जामीन कोण, करार झाला का, आणि पळाला तर दाद कुठे मागायची. तेच चार प्रश्न कार्डालाही लावावेत.

रुपयाच्या प्रीपेड कार्डाला ही उत्तरे मिळतात. रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत सविस्तर आदेश काढले. असे कार्ड मंजुरीशिवाय काढता येत नाही. त्यात फक्त रुपयेच भरता येतात आणि तेही रोखीने, बँक खात्यातून किंवा येथील अधिकृत कार्डावरून. पूर्ण ओळख पटविलेल्या कार्डात दोन लाखांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. कंपनी बँक नसेल, तर ग्राहकांचा पैसा तिला बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तक्रार ऐकली नाही, तर १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे जाता येते.

या आदेशात बिटकॉइन भरण्यास जागाच नाही. म्हणजे आपल्या देशात सरळ मार्ग एकच. बिटकॉइन विकायचे, रुपये बँकेत घ्यायचे आणि मग हवे तर कार्डात भरायचे. परदेशी कंपनीचे कार्ड ही चौकट ओलांडून येते, आणि चौकट ओलांडली की वरचे संरक्षणही मागे राहते.

कायदा आणि कर

बिटकॉइनवर बंदी आहे का? नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पण बंदी नाही म्हणजे ते चलन झाले, असेही नाही. दहा रुपयांची नोट दुकानदाराने घेतली पाहिजे, असे कायदा सांगतो. बिटकॉइनला तो मान नाही.

कराची गोष्ट प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावी. उसाचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर नाही. पण त्याच बिलाचे बिटकॉइन घेतले, की त्यावरचा नफा शेतीचा राहत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील विक्रीवर १ टक्का कपातही होते.

उदाहरण घेऊ. १०,००० रुपयांचे बिटकॉइन घेतले. भाव वाढून त्याचे १२,००० झाले आणि कार्डाने तेवढ्याचा किराणा भरला. नफा २,००० रुपये. कर ६०० आणि उपकर २४, असे ६२४ रुपये सरकारजमा करावयाचे. तुम्ही म्हणाल, "अहो, मी तर डाळ घेतली, विकलं काय?" पण डाळीसाठी बिटकॉइन विकले गेलेच ना! आणि भाव पडून १०,००० चे ८,००० झाले, तर ते २,००० चे नुकसान दुसऱ्या कुठल्याही नफ्यातून वजा होत नाही. शिवाय दर किराण्याचा, दर चहाचा हिशेब ठेवावयाचा तो वेगळाच.

भावाचे म्हणाल, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६८,००० डॉलरच्या वर गेला होता. वर्षभरातच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १७,००० डॉलरच्या खाली आला. पुढे पुन्हा चढलाही. ज्याला दहा वर्षे पैशाला हात लावावयाचा नाही, त्याने हवे तर हा खेळ पाहावा. आपले बिल मात्र खताच्या उधारीसाठी, सोसायटीच्या हप्त्यासाठी, मुलीच्या फीसाठी असते. त्या दिवशी भाव खाली असला, तर दुकानदार थांबेल का?

"बँकाही बुडतातच की!"

आम्ही हे सांगितल्यावर पुतण्याने पटकन विचारले, "काका, इथल्याच बँकेत लोकांचे पैसे अडकले, ते विसरलात का?" प्रश्न बिनतोड होता. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. किती घरांच्या झोपा उडाल्या असतील, हे सहकारात वाढलेल्या आपणांस सांगावयास नको.

पण त्यातला फरकही पाहू. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. परवाना रद्द करतेवेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले होते, की या बँकेच्या ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. मोठ्या ठेवीदारांचे दुःख त्याने मिटत नाही, हे खरेच. पण लहान ठेवीदाराच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. क्रिप्टोच्या खात्याला असा विमा नाही.

मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो बाजारातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची चोरी झाली. ग्राहकांचे क्रिप्टो काढून घेण्याचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ ठप्प राहिले आणि तोडग्यासाठी प्रकरण गेले सिंगापूरच्या न्यायालयात! आपल्याला जाब विचारायचा, तर वार्षिक सभेत उठून उभे राहता येते. सिंगापूरला कोण उठून उभा राहणार?

कार्डांचा इतिहासही असाच आहे. जानेवारी २०१८ मध्ये व्हिसाने जिब्राल्टरच्या एका कंपनीशी संबंध तोडले आणि तिने काढलेली क्रिप्टो कार्डे एकाएकी बंद पडली. जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड कंपनी कोसळली. तिच्या ब्रिटनमधील शाखेचे काम तेथील सरकारी नियंत्रकांनी थांबविले आणि तिच्यामार्फत चालणारी क्रिप्टो कार्डे काही दिवस ठप्प झाली. लोकांचे बिटकॉइन एकीकडे, कार्ड दुसरीकडे, मधला दुवाच तुटलेला.

आणि पुण्याकडे गाजलेले 'गेनबिटकॉइन' प्रकरण तर घरचेच. दरमहा १० टक्के, १८ महिने, असा बोलबाला करून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले. २०१८ मध्ये पोलिसांत गुन्हे दाखल झाले व सूत्रधारास अटक झाली. महिना दहा टक्के कोणत्या पिकात मिळतात, हे शेतकऱ्याने स्वतःलाच विचारावे.

पुढे काय झाले

आम्ही परत आल्यावर सभासदांना एवढेच म्हणालो, "महिनाभर थांबा. पैसा कुठे पळत नाही." ते थांबले.

तीन आठवड्यांनी पुतण्याचा फोन आला. औषधाच्या दुकानात कार्ड लावले, चालले नाही. मागाहून कंपनीचा निरोप आला, की भारतातील ग्राहकांची सेवा थांबविली आहे. त्याचे एक्केचाळीस हजार आत अडकले. तो रोज पत्र लिहितो आणि रोज यंत्राकडून तेच उत्तर येते. माणूस बोलत नाही. पोरगा वाईट नाही, कष्टाचे पैसे होते. काकांनाही चार पैसे मिळावेत, याच भावनेने तो बोलला होता.

सभासद आमच्याकडे येऊन बसले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुकादम पळाला, तर निदान त्याचं गाव तरी ठाऊक असतं. याचं गाव कुठलं?"

आमचे म्हणणे

नव्या गोष्टींना नावे ठेवणे हा आमचा हेतू नाही. ठिबकलाही एके काळी लोक हसले होते. रिझर्व्ह बँकेने स्वतःच १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत किरकोळ व्यवहारासाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. तो मोबाईलमध्ये असतो, पण रुपया म्हणजे रुपयाच. आज शंभर आणि उद्याही शंभर.

तरीही कोणी कार्ड घेऊन आलाच, तर घाई करू नये. कंपनी कोणत्या देशातली, रिझर्व्ह बँकेची मंजुरी आहे का, पैसे परत कसे निघतात, तक्रार कुणाकडे, हे लेखी मागावे. "आजच भरा, उद्या संधी नाही" असे म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. फसवणूक झालीच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा हाताबाहेर.

ऊस अठरा-अठरा महिने उभा असतो, तेव्हा कुठे बिल हाती येते. ते कुणाच्या हाती द्यायचे, हे ठरवायला चार दिवस लागले तर बिघडत नाही. शंका असेल तर गट ऑफिसात यावे. आम्हांस ठाऊक नसेल तर चौकशी करू, पण पैसे भरण्याआधी यावे, एवढीच विनंती.